घरगुती वापरासाठीं अल्पमोली डिजिटल मल्टीमीटर : निवड व उपयोग

मोटेचा नाडा झिजला म्हणजे तो शेतकऱ्याच्या डोळ्यांस दिसत असे. विजेच्या पंपाचें तसें नाहीं. पंप बंद पडला असतां दोष पुरवठ्यांत आहे, स्टार्टरांत आहे, केबलींत आहे कीं मोटारींत आहे, हें नुसतें पाहून कळत नाहीं. वायरमनची वाट पाहण्यांत पाण्याच्या पाळीचे ऐन दिवस निघून जातात, किंवा दोष वरच असतां मोटार उगाच विहिरींतून वर काढली जाते. हा खर्च व खोळंबा पुष्कळ अंशीं टाळणारें साधन म्हणजे डिजिटल मल्टीमीटर होय. एका दिवसाच्या मजुरीइतक्या किंमतीपासून तो मिळतो. मात्र स्वस्त आणि घातक यांतील भेद जाणून तो घेतला पाहिजे. म्हणून त्याचा विचार येथें करीत आहों.

या यंत्रानें मुख्यतः तीन गोष्टी मोजतां येतात : विजेचा दाब (व्होल्ट), रोध (ओहम) आणि प्रवाह (अँपिअर). घरीं व शेतावर पहिल्या दोहोंचेंच काम नित्य पडतें.

निवड करतांना प्रथम सुरक्षितता पाहावी. तारा खोंवण्याच्या छिद्रांजवळ ‘कॅट’ ही अक्षरें, रोमन आंकडा व व्होल्ट छापलेले असतात. घरांतील मुख्य बोर्ड व तीन फेजच्या पंपाचा स्टार्टर येथें ‘कॅट तीन, ६०० व्होल्ट’ या दर्जाचा मीटर असावा. पुरवठ्याच्या तारांवर क्षणमात्र येणारे मोठे झटके सोसण्याची शक्ति हा दर्जा दर्शवितो. परंतु केवळ छापील अक्षरांवर विश्वासूं नये. स्वतंत्र परीक्षणसंस्थेची खूण आहे काय, फ्यूज चिनी मातीच्या नळीचा आहे कीं नुसत्या कांचेचा, तारांचें आवरण जाड आहे काय, आणि सळयांवर बोटें पुढें सरकूं न देणारी कड आहे काय, हें पाहून घ्यावें. तारांवरहि तोच दर्जा छापलेला असावा.

दुसरी गोष्ट मोजण्याच्या मर्यादेची. एसी व डीसी दाब ६०० व्होल्टपर्यंत, रोध २ मेगओहमपर्यंत, आणि तार अखंड असल्यास वाजणारा बझर, एवढें घरगुती कामास पुरें आहे. १९९९ पर्यंत आंकडे दाखविणारा साधा मीटरहि २३० व्होल्टचा पुरवठा व १२ व्होल्टची बॅटरी पुरेशा बारकाईनें मोजतो. मर्यादा आपोआप निवडणारा मीटर सोयीचा खरा, पण किंचित् महाग असतो. चकती हातानें फिरविण्याचा असल्यास नेहमीं सर्वांत मोठ्या मर्यादेपासून आरंभ करावा. ‘ट्रू आरएमएस’ या गुणासाठीं जास्त पैसे कोणीं द्यावे? ज्यांच्या घरीं साधा, चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर आहे व त्याचा दाब ज्यांस मोजावयाचा आहे, त्यांनीं. इतरांस त्याची विशेष गरज नाहीं.

प्रवाह मोजण्याच्या बाबतींत विशेष सावध राहावें. अगदीं स्वस्त मीटरांतील १० अँपिअरच्या छिद्राला पुष्कळदां फ्यूजच नसतो. ५ अश्वशक्तीची तीन फेजची मोटार चालतांना सुमारें ७ अँपिअर घेते, पण सुरू होतांना त्याच्या पांचसहा पट ओढते. म्हणून पंपाचा प्रवाह या मीटरनें मोजूं नये. त्याकरितां तारेभोंवती चिमटा घालून मोजणारा क्लँप मीटर वेगळा घ्यावा. तार प्रवाहाच्या छिद्रांत राहिली असतां दाब मोजूं गेल्यास सरळ शॉर्टसर्किट होतें, हें कधीं विसरूं नये.

आतां उपयोग. पंप सुरू करण्यापूर्वीं, स्टार्टर बंद असतां, त्याच्या येणाऱ्या बाजूस तीन फेजांपैकीं दोन दोन घेऊन तीन मोजमापें घ्यावीं. तीं सुमारें ४०० ते ४१५ व्होल्ट व परस्परांशीं जवळपास सारखीं असावीं. एखाद्या जोडींत दाब फार कमी आढळल्यास मोटार लावूं नये; एक फेज गेली असतां उरलेल्या दोहोंवर चाललेल्या मोटारीचें वाइंडिंग जळतें. मोटार चालूं असतां हीच परीक्षा फसवी ठरते, कारण फिरणारी मोटार गेलेल्या फेजवरहि दाब उत्पन्न करते. मोकळ्या तारेवरहि हा मीटर कधीं कधीं खोटा दाब दाखवितो.

पुरवठा पूर्ण तोडून मोटारीच्या तीन तारांमधील रोध पाहावा. तिन्ही जोड्यांचा रोध सारखा असला पाहिजे. मात्र वाइंडिंगचें आवरण ओल धरून बॉडीला वीज उतरते काय, हें निश्चित सांगणें मल्टीमीटरच्या लहान बॅटरीला साधत नाहीं. त्यास ५०० व्होल्टचा मेगरच पाहिजे.

ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी कांहीं तास स्वस्थ राहिल्यावर १२.६ व्होल्ट दाखवीत असल्यास ती भरलेली, १२.२ च्या सुमारास अर्धी, व १२ च्या खालीं असल्यास ती भरण्यास द्यावी. इंजिन चालूं असतां दाब १३.८ ते १४.४ पर्यंत न चढल्यास दोष बहुधा बॅटरीचा नसून ती भरणाऱ्या यंत्रणेचा असतो.

२०१९ साली सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेंतून अनेकांकडे सौर पंप आले आहेत. ओळीनें जोडलेल्या पॅनलांचा डीसी दाब कित्येक शें व्होल्ट असतो व त्याची ठिणगी सहज विझत नाहीं. म्हणून तेथें जाणत्या कारागिरावांचून हात घालूं नये. तसेंच खांब व ट्रान्सफॉर्मर हें वीज कंपनीचें क्षेत्र समजावें.

शेवटीं एक नियम सर्वांनीं पाळावा. तार मृत आहे असें ठरविण्यापूर्वीं मीटर आधीं चालूं असलेल्या जागीं लावून पाहावा, मग संशयित तारेवर लावावा, व पुन्हां चालूं जागीं लावून तो ठीक असल्याची खात्री करावी. आंतील बॅटरी उतरली असतां आंकडे खोटे येतात. ती वेळच्यावेळीं बदलावी. ओल्या हातानें व अनवाणी मोजमाप घेऊं नये. चार पैसे वांचविण्यासाठीं अतिस्वस्त मीटर घेऊन तो तीन फेजच्या स्टार्टरला लावण्यापेक्षां, थोडे अधिक खर्चून दर्जाचा मीटर घेणें हीच खरी काटकसर होय, असें आम्ही आग्रहानें सांगतों.