हरवलेला रानपिंगळा
मुलांनो, सेमाडोह हे अमरावती जिल्ह्यातील मेळघाटच्या जंगलातले गाव आहे. या जंगलात रानपिंगळा नावाचे छोटे घुबड आढळते. १८८४ नंतर ते नाहीसे झाले, असे अनेकांना वाटत होते. एका प्रसिद्ध पक्षितज्ज्ञाने मात्र १९१४ साली हा पक्षी मिळवल्याचे सांगितले होते. पामेला रासमुसेन यांनी त्याचा नमुना बारकाईने तपासला. तो संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना निघाला! मग खऱ्या नोंदींच्या आधारे त्यांनी साथीदारांसह शोध घेतला. १९९७ साली शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. पुढे तो मेळघाटातही आढळला.
मोठ्या माणसाचे म्हणणेही तपासून पाहणे, हेच विज्ञान. तुम्हीही ऐकलेली गोष्ट आधी पडताळून पाहा.