दुचाकीचे अपघात, मेंदूची इजा आणि हेल्मेट

अहवालातील जमाखर्चाच्या पत्रकांबरोबरच, ज्या आजारांवर तो खर्च झाला त्यांपैकी एकाची माहिती सन्माननीय देणगीदारांसमोर ठेवावी, असा आमचा प्रयत्न असतो. यंदाचा विषय वस्तुतः आजार नव्हेच. दुचाकीवरून पडून मेंदूला होणारी इजा, हा तो विषय होय. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. शस्त्रक्रियेविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांशी रोज बोलणे आणि त्यांची बिले समोर घेऊन बसणे हे काम आमच्याकडे आहे. त्या खुर्चीवरून जे दिसते, ते येथे नमूद करीत आहोत.

मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोके रस्त्यावर आपटते तेव्हा कवटी थांबते, मेंदू थांबत नाही. तो आतून कवटीवर आदळतो, पिळवटला जातो. रक्तवाहिन्या फाटतात, तंतू ताणून तुटतात. त्यामुळे कवटीला तडाही गेलेला नसताना रुग्ण खोल बेशुद्धीत असू शकतो. याउलट एखादा रुग्ण उठून उभा राहतो, "काही झाले नाही" म्हणतो, चहा घेतो आणि काही तासांनी कोसळतो. कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये साकळत गेलेल्या रक्ताचा दाब मेंदूवर आलेला असतो. अशा रुग्णाचे सी.टी. स्कॅन वेळेत होऊन शस्त्रक्रिया झाली तर तो पुष्कळदा बरा होऊन घरी जातो. म्हणून मार लागल्यानंतर उलटी, वाढती डोकेदुखी वा गुंगी दिसल्यास "जरा झोपू दे" असे म्हणून घरी थांबू नये. मात्र तुटलेले तंतू जोडणारी शस्त्रक्रिया नाही. तेथे सूज उतरण्याची वाट पाहणे आणि श्वास, रक्तदाब सांभाळणे एवढेच डॉक्टरांच्या हाती उरते.

हेल्मेटचे काम त्या आघाताच्या क्षणी असते. बाहेरचे कवच आपण पाहतो, पण खरे काम आतला थर्माकोलच्या जातीचा थर करतो. तो चेपतो आणि डोके एकदम न थांबता किंचित सावकाश थांबते. हा थर एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. म्हणून मोठा आघात सोसलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी टाकून द्यावे. रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या टोपीवजा हेल्मेटमध्ये हा थर नसतोच. १ जून २०२१ पासून आय.एस.आय. चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनविण्यास व विकण्यास बंदी आहे. तरी घेताना चिन्ह पाहावे.

हे ज्ञान नवे नाही. मे १९३५ मध्ये इंग्लंडात टी. ई. लॉरेन्स हे गाजलेले सैनिक-लेखक मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवस बेशुद्धीत राहून वारले. त्यांना पाहावयास आलेल्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. केर्न्स यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटच्या महत्त्वावर लेख प्रसिद्ध केला. ब्रिटिश सैन्याने निरोप्या स्वारांना हेल्मेट लागू केले. सर्व नागरिकांसाठी मात्र तेथेही १९७३ साल उजाडावे लागले. अनेक देशांतील अभ्यास एकत्र पाहणाऱ्या २००८ च्या एका आढाव्यानुसार हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो.

आपल्याकडे १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात हेल्मेटची कारवाई सुरू झाली तेव्हा तिच्याविरुद्ध निदर्शने झाली. शहरात वेगच कोठे असतो, हा त्या वेळी ऐकू आलेला एक युक्तिवाद होता. आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून हिशेबच मांडतो : नुसते दीड मीटर उंचीवरून पडणारे डोके जमिनीवर आदळते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. गाडी उभी असली तरी हा वेग चुकत नाही.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती देशातील अपघातांत दगावल्या. त्यांत १४,३३७ मागे बसलेल्या होत्या. कायदा चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट सांगतो, तरी घरात हेल्मेट एकच असते आणि ते चालविणाऱ्याच्या डोक्यावर जाते. मागे पत्नी, आई वा शाळेतून आणलेले मूल असते.

येथे निर्धन रुग्ण निधीचा उल्लेख करणे भाग आहे. उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालये आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम या निधीत वर्ग करतात आणि १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी राखून ठेवतात. मेंदूची इजा झालेला रुग्ण कृत्रिम श्वासोच्छ्वासावर आठवडे काढतो, तेव्हा या निधीतून मोठी रक्कम जाते आणि ती जावी, हेच योग्य आहे. परंतु त्याच निधीकडे डायलिसिसचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचाही अर्ज आलेला असतो. कोणास किती द्यावे, हे ठरविताना आमचा हात अडखळतो, हे लपविण्यात अर्थ नाही.

आणि निधी घरी पोहोचत नाही. रुग्ण चालत घरी गेला की सर्वांना वाटते, संकट टळले. काही महिन्यांनी पत्नी एकटी येऊन सांगते की, हे आता ते राहिलेले नाहीत. क्षुल्लक कारणाने अंगावर धावून येतात, पैसे कोठे ठेवले ते विसरतात, कामावर टिकत नाहीत. शेजारी म्हणतात, माणूस आळशी झाला. सासू म्हणते, सूनच नीट वागत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की संयम आणि निर्णयशक्ती जाऊ शकते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. हा दोष स्वभावाचा नव्हे, इजेचा आहे. ही गोष्ट रुग्ण घरी जाण्यापूर्वीच संपूर्ण कुटुंबास बसवून सांगावयास हवी होती. आमच्याकडून ती पुष्कळदा राहून गेली आहे. आता सुटीच्या कागदांबरोबर समाजसेवा विभागाची भेट आम्ही आवश्यक केली आहे.

अपघात विभागाच्या नोंदवहीतही दोन रकाने वाढविले आहेत : हेल्मेट होते काय, आणि पट्टा बांधलेला होता काय. पहिल्याचे उत्तर देताना नातेवाईक बिचकतात. पोलिसांच्या कागदांत किंवा विम्याच्या दाव्यात ते आड येईल, अशी भीती त्यांना वाटते. दुसऱ्याचे उत्तर सहज येते : "होते हो, पण पडताना निघून गेले." न बांधलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला डोक्यावरून निसटते. हे वाक्य ऐकू लागल्यापासून रुग्णालयाच्या फाटकावरील पहारेकऱ्यास आम्ही सांगून ठेवले आहे की, बाहेर पडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हनुवटीखाली आधी पाहावे. पहिल्या आठवड्यात त्याने आम्हांसच दोनदा थांबविले.