कामगंध सापळा आणि आपलं नाक

पावसाळ्यात पवनी-लाखांदूरकडून बसने येताना धानाच्या बांधीत काठीला लटकलेलं नरसाळं आणि त्याखाली प्लास्टिकची पिशवी तुम्ही पाहिली असेल. तो कामगंध सापळा. आतल्या ल्यूरमध्ये खोडकिडीच्या मादी पतंगाचा कृत्रिम गंध असतो. नर त्या वासावर येतात अन् पिशवीत अडकतात. (हॉस्टेलमधल्या काहींना इथे कोणाची तरी आठवण येईल. असो.)

असा गंध सर्वप्रथम ओळखला गेला तो रेशीमकिड्यात. जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी सुमारे वीस वर्षे खपून, जवळपास पाच लाख पतंगांपासून काही मिलिग्रॅम 'बॉम्बिकॉल' मिळवलं. साल १९५९. 'फेरोमोन' हा शब्दही त्याच वर्षीचा. आपल्या जिल्ह्यातल्या टसरच्या पतंगातही मादी गंधानेच नराला बोलावते.

मग माणसाचं काय? डिओच्या जाहिराती बघितल्या तर सगळं सिद्धच झालंय असं वाटतं! १९७१ मध्ये मार्था मॅक्लिंटॉक यांनी अमेरिकेतल्या हॉस्टेलमधल्या १३५ मुलींचा अभ्यास करून, सोबत राहणाऱ्या मैत्रिणींची मासिक पाळी जवळ येते असं मांडलं. पुढच्या अनेक अभ्यासांत ते टिकलं नाही. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडच्या वेडेकिंड यांनी मुलांनी दोन रात्री घातलेले टी-शर्ट मुलींना हुंगायला दिले. प्रतिकारशक्तीचे जनुक आपल्यापेक्षा वेगळे असलेल्यांचा वास मुलींना बरा वाटला. त्यावरही वाद आहेत. माणसाचा एकही फेरोमोन पक्का सिद्ध झालेला नाही, असं ट्रिस्ट्राम वायट यांनी २०१५ मध्ये स्पष्ट लिहिलं.

पण वासाचा आपल्या वागण्याशी संबंध नाही असं मुळीच नाही. काही दिवसांचं बाळ आईला वासावरून ओळखतं. आणि आपण? ताज्या घामाला जवळपास वास नसतो, तो त्वचेवरचे जिवाणू तयार करतात. नावं मात्र आपण माणसाला ठेवतो.

फर्स्ट इयरला आमच्या रूममध्ये ढिवर समाजातला एक मित्र होता. घरून येताना डब्यात सुकट आणायचा. पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'बाजार' पडलं. त्यानं डबा बंद केला, डिओ मारू लागला. खरं तर नाकाला कुठल्याही वासाची सवय काही मिनिटांत होते. नाव मात्र फायनल इयरपर्यंत टिकलं.

मागच्या दिवाळीत त्याच्या गावी गेलो होतो. त्याच्या आईनं मासोळीचा रस्सा वाढला, मी दोनदा मागून घेतला. 'बाजार' हे नाव मीच ठेवलं होतं, हे मात्र तिथं सांगता आलं नाही.