एअरब्रश कसा निवडाल?



कासारवाडीहून भोसरीकडे वळताना नाशिक फाट्यावरचा दुमजली उड्डाणपूल लागतो. त्याला जे. आर. डी. टाटांचे नाव दिलेले आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी ‘पस मॉथ’ जातीचे छोटे विमान स्वतः चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहू येथे टपाल आणले. पुढच्या एअर इंडियाची मुळे त्या उड्डाणात आहेत.

आमच्या शेजारच्या, नववीत शिकणाऱ्या मुलाने गेल्या सुट्टीत याच विमानाची प्रतिकृती बनवली. प्रमाण १:७२. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२ मीटर, त्याला ७२ ने भागले की साडेपंधरा सेंटीमीटर येतात. तीन आठवडे घासूनपुसून त्याने प्रतिकृती सिद्ध केली आणि साठवलेल्या पैशांतून रंग फवारण्याची एक गन विकत आणली. दुकानदार म्हणाला, “सगळ्या सारख्याच असतात.” पहिल्याच दाबाला रंगाचा लोंढा आला. खिडक्यांच्या चौकटी बुडाल्या, पंखांवरून ओघळ उतरले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले विमान घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, माझा हात चुकला का हो?”

हात चुकला नव्हता. भोक चुकले होते. कसे, ते आता पाहू.

प्रमाण रंगालाही लागू

कुंचल्याने दिलेला रंगाचा थर सहज ०.१ मिलिमीटर जाड होतो. ऐकायला हे थोडे वाटते. पण आपले विमान ७२ पट लहान आहे. म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ मिलिमीटर जाडीचा लेप चढवल्यासारखे झाले! पत्र्याचे सांधे, कापडाखालच्या पट्ट्यांचे उंचवटे, सारे त्यात बुजणार. म्हणून प्रतिकृतीवरचा थर होईल तितका पातळ हवा, आणि त्यासाठी रंगाचे अगदी बारीक तुषार करायला हवेत.

घरी करून पाहा

पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यात एक नळी (शीतपेयाची चालेल) उभी धरा. तिचे वरचे टोक पाण्याबाहेर दोन-तीन सेंटीमीटर राहू द्या. दुसऱ्या नळीतून या टोकावरून आडवी, जोरदार फुंकर मारा. उभ्या नळीत पाणी वर चढेल आणि तुषार उडतील. वेगाने जाणारी हवा नळीच्या तोंडाजवळची हवा आपल्याबरोबर ओढून नेते. तेथील दाब किंचित उतरतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. पाणी ५ सेंटीमीटर चढवायला दाबात जेमतेम अर्ध्या टक्क्याची घट पुरते.

एअरब्रशमध्ये हेच घडते. निमुळत्या तोटीतून एक बारीक सुई आरपार गेलेली असते. तोटीच्या भोवतीने हवेचा झोत सुटतो, टोकाशी दाब उतरतो, रंग ओढला जातो आणि हवेच्या ताणाने फाटून त्याचे थेंब होतात. सुई मागे घ्यावी तशी फट रुंदावते व रंग वाढतो.

एक घनसेंटीमीटर रंगाचे ०.०५ मिलिमीटर व्यासाचे थेंब केले, तर किती होतील? दीड कोटी! एकाच गोल थेंबात तो रंग असता, तर त्याचे पृष्ठफळ पाच चौरस सेंटीमीटरही भरले नसते. आता ते १,२०० चौरस सेंटीमीटर झाले. म्हणूनच फवारलेला रंग झटकन वाळतो. एअरब्रश फार लांब धरला तर थेंब वाटेतच सुकतात आणि विमानावर खरखरीत भुकटी बसते. फार जवळ धरला तर ओघळ येतात.

भोक किती मोठे?

भोसरीच्या कारखान्यांतून मोटारींचे भाग रंगवायच्या गन पाहा. त्यांच्या तोटीचे भोक बहुधा १.४ मिलिमीटरच्या आसपास असते. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांतही मोठ्या मूर्तींचे अंग फवाऱ्याने रंगवतात. त्या कामांना मोठा झोत हवाच. आपल्या कामाला ०.३ मिलिमीटरचे भोक योग्य. भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. (१.४ ÷ ०.३) चा वर्ग करा, उत्तर जवळजवळ २२ येते. आमच्या मित्राच्या विमानावर बावीसपट मोठ्या भोकातून रंग आला होता!

मग ०.२ मिलिमीटरचे भोक आणखी चांगले का? बारीक रेघांना होय. पण ते वारंवार तुंबते. नवशिक्याने ०.३ वर हात बसवावा.

खरेदी करताना

१. एका खटक्याने हवा व रंग ठरावीक प्रमाणात एकदम सोडणारे एअरब्रश स्वस्त असतात. ज्यात खटका दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग येतो, ते शिकायला थोडे अवघड. पण रंगावर ताबा त्यांतच राहतो.

२. रंगाची वाटी वर असलेला घ्या. रंग स्वतःच्या वजनाने खाली येतो, कमी दाबावर काम होते आणि चार थेंब रंगही पुरतो.

३. सुई बाहेर काढून काचेवर हलकेच लोळवा. टोक डगमगले तर सुई वाकलेली आहे.

४. वाटीत पाणी घालून वर्तमानपत्रावर क्षणभर फवारा. ठिपका गोल हवा. लांबट आला तर सुई किंवा तोटी सदोष समजा.

५. हवा सुरू करून सांध्यांना साबणाचे पाणी लावा. फुगे आले तर गळती आहे.

६. आतील चकत्या टेफ्लॉनच्या आहेत ना, हे विचारा. साधे रबर थिनरने फुगते. सुटी सुई व तोटी मिळते का, हेही विचारा. या दोन वस्तू कधी तरी खराब होणारच.

हवा आणि पाणी

दर चौरस इंचास १५ ते २० पौंड दाब पुरतो. रंग दुधाइतका पातळ करावा. पावसाळ्यात मात्र एक शत्रू लपून येतो. २७ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत फार तर २६ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ८० टक्के असेल तर सुमारे २१ ग्रॅम असतेच. अशी चार घनमीटर हवा दाबून एक घनमीटर केली, की तीत ८४ ग्रॅम वाफ आली. थंड झाल्यावर मावणार २६. उरलेल्या ५८ ग्रॅमचे पाणी होते! ते रंगात थुंकले जाऊ नये म्हणून नळीवर पाणी अडवणारी गाळणी हवीच.

शेवटी सुरक्षिततेविषयी. थिनरची वाफ पेटते आणि फुप्फुसांनाही घातक असते. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास शेगडी किंवा निरांजन नको. तुषार आणि वाफ दोन्ही अडवणारा मुखवटा बांधा. साध्या रुमालाने वाफ अडत नाही. झोत कोणाच्या अंगावर धरू नका. शक्यतो पाण्यात मिसळणारे रंग वापरा, पण मुखवटा तेव्हाही हवा. आणि घरातील मोठ्या माणसांना सांगितल्याशिवाय यातले काही करू नका.

आमच्या मित्राने ती गन एका गॅरेजवाल्याला थोड्या कमी पैशांत विकली. दिवाळीत पुन्हा खरेदीला निघाला, तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली, काचेचा तुकडा आणि जुने वर्तमानपत्र होते. पहिल्या एअरब्रशचा ठिपका अंड्यासारखा आला. त्याने तो शांतपणे परत केला आणि दुसरा मागितला. खरवडून पुन्हा रंगवलेले त्याचे विमान आता माझ्या टेबलावर आहे. खिडक्यांच्या चौकटी मोजता येतात. तुम्हीही दुकानात जाल, तेव्हा दुकानदाराच्या शब्दाआधी तो ठिपका पाहा.