पाळीव सशाचा आहार आणि पोटाचे विकार

गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यातील अनेक घरांत, आणि काही शाळांच्या आवारांतही, पांढरे, करडे, ठिपकेदार ससे दिसू लागले आहेत. मुलांच्या हट्टाखातर बाजारातून एखादी जोडी आणली जाते, खोक्यात वा पिंजऱ्यात तिची सोय होते आणि 'हा प्राणी खातो काय?' हा प्रश्न मग घरातील प्रत्येकजण आपापल्या परीने सोडवितो. कोणी गाजर देतो, कोणी भात, कोणी चहात बुडविलेले बिस्किट. सशाला जे गोड लागते ते तो आनंदाने खातो. मग एके दिवशी तो कोपऱ्यात पाठ बाकवून बसतो, खाणे सोडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मरून पडलेला आढळतो. 'कालपर्यंत तर उड्या मारीत होता' हे उद्गार पशुवैद्यकांना नवे नाहीत. घरगुती सशांच्या दुखण्यांत पोटाचे विकार फार मोठ्या प्रमाणावर आढळतात आणि त्यांपैकी बहुतेकांचे मूळ चुकीच्या आहारात असते. म्हणजेच ते टाळणे बव्हंशी पाळणाऱ्याच्याच हाती असते.

प्रस्तुत लेखक पशुवैद्यक नाही. कलाशाखेची पदवी घेऊन प्रसिद्धीच्या कामात आयुष्य घालविलेला तो एक कर्मचारी आहे आणि हा विषय तो एक ससा गमावून शिकला, हे प्रथमच सांगितलेले बरे. २०१९ सालच्या चवथीस फोंडा तालुक्यातील आमच्या घरी नेहमीप्रमाणे पाहुण्यांचा राबता होता. येणारा प्रत्येकजण पिंजऱ्यापाशी थांबे आणि हातातील काहीतरी जाळीतून आत सरकवी: नेवरीचा तुकडा, मोदकाची पारी, केळे, नैवेद्याचा भात. ससा सारे खात होता, म्हणून आम्हांस कौतुक वाटले. पिंजरा झाडण्याचे काम मुलीकडे असे. सणाच्या गडबडीत ते राहून गेले. तिसऱ्या दिवशी ससा हलेना, तेव्हा त्यास दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'लेंड्या केव्हापासून बंद आहेत?' घरातील सात माणसांपैकी एकालाही त्याचे उत्तर देता आले नाही. ससा त्याच रात्री गेला.

वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असलेला रानातील ससा आणि हा पाळीव ससा हे एक नव्हेत, हेही येथे सांगावयास हवे. मराठीत दोघांस एकच शब्द असल्याने घोटाळा होतो. आपल्या डोंगरउतारांवर दिसणारा, लांब पायांचा ससा वेगळ्या जातीचा. त्यास पकडणे वा पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. बाजारात मिळणाऱ्या पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगाल या भूभागातील. तेथील कोरड्या माळावर बिळे करून राहावे आणि जाडेभरडे गवत अखंड कुरतडावे, अशी त्याच्या शरीराची घडण झाली आहे. आपल्या स्वयंपाकघरात आला म्हणून ती घडण बदलत नाही.

पोटाची रचना

सशाच्या शरीरातील अन्नाचा प्रवास मोठा कुतूहलजनक आहे. गाय-म्हैस रवंथ करतात, कारण चारा आंबविणारी पिशवी त्यांच्या पोटाच्या आरंभी असते. सशाची अशी पिशवी मात्र लहान आतडे संपून मोठे आतडे सुरू होते त्या ठिकाणी असते. तिला उंडुक म्हणतात. माणसात हा भाग अगदी लहान असतो. सशात तो जठराच्या कित्येक पट मोठा असतो आणि त्यात असंख्य उपकारक जीवाणू वस्ती करून असतात. जठरातून पुढे आलेल्या अन्नाची येथे चाळणी होते. गवताचे जाड तंतू वेगळे काढले जाऊन कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. बारीक कण व द्रव मागे ढकलले जाऊन उंडुकात शिरतात व तेथे आंबतात. या आंबण्यातून प्रथिने व 'ब' गटातील जीवनसत्त्वे तयार होतात आणि ती मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घडासारख्या लेंड्यांच्या रूपाने बहुधा रात्री वा पहाटे बाहेर येतात. ससा त्या थेट गुदद्वारापासून तोंडात घेऊन खातो. हे पाहून काहींस किळस येते, काही सशाला मारतात. तसे मुळीच करू नये. ही सवय घाण नसून त्याच्या जेवणाचा दुसरा अर्धा भाग आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. जाड तंतू सशाला फारसे पचत नाहीत, तरीही त्यांच्यावाचून त्याचे चालत नाही. कारण आतड्यांस गती देण्याचे काम तेच करतात. गवत कमी पडले की आतडी मंदावतात. आतडी मंदावली की अन्न व अंगावरचे चाटलेले केस जठरात कोरडे होऊन बसतात, उंडुकात वायू धरतो, पोट दुखते. दुखते म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात. त्यात भात, पाव, साखर यांचे पिठूळ व गोड अन्न भरीस पडले तर उपकारक जीवाणूंची वस्ती बिघडून घातक जीवाणू बळावतात व त्यांचे विष शरीरात भिनते. ससा ओकू शकत नाही. जे आत गेले ते पुढेच जावयास हवे. मागे फिरण्याची वाट त्यास निसर्गाने दिलेली नाही.

दातांचेही असेच. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे दात तर महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर. तासन् तास गवत चघळल्यानेच ते झिजतात. पावाचा मऊ तुकडा दोन घासांत संपतो आणि दात तसेच राहतात. मग दाढांची टोके जिभेला, गालाला टोचू लागतात आणि ससा खाणे सोडतो. पोटाचे दुखणे म्हणून आणलेल्या सशाच्या तोंडात खरा दोष सापडतो, असेही घडते.

काय द्यावे

प्रौढ सशाच्या आहाराचा सुमारे ८० टक्के भाग वाळलेले वा ताजे गवत हाच असावा आणि ते चोवीस तास त्याच्यापुढे असावे. त्याच्या अंगाएवढा भारा रोज संपला पाहिजे, असे ढोबळ माप धरावे. आपल्याकडे हरळी म्हणजेच दूर्वा सर्वत्र मिळते आणि सशाला ती उत्तम. दूधव्यावसायिक लावतात ते संकरित नेपियर किंवा गिनी गवतही चालते. फक्त जून झालेले जाड दांडे तोडून द्यावेत. भाताचा पेंढा अंथरण्यास चांगला, परंतु त्यात सत्त्व थोडे असल्याने केवळ त्यावर ससा ठेवू नये.

पालेभाजी रोज मूठ-दोन मुठी द्यावी: कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा व गाजराचा पाला, जास्वंदीची कोवळी पाने, तुळस. एकच भाजी सतत देऊ नये. पालक अधूनमधून, थोडा. बाजारात भाजीवाला कोबी-फ्लॉवरची वरची पाने फुकट देतो आणि ती आणण्याचा मोह होतो. परंतु त्यांनी पोटात वायू धरण्याचा संभव असतो, म्हणून एखाद्या पानावर थांबावे. घाटावरून येणाऱ्या भाजीवर फवारणी झालेली असते, हे ध्यानी ठेवून ती भरपूर पाण्यात दोनदा धुवावी.

गाजराविषयी येथे थोडे विषयांतर. बालवाडीच्या तक्त्यापासून चित्रपटापर्यंत प्रत्येक ससा गाजर खाताना दाखविला जातो आणि शिक्षकही मुलांस तेच सांगतात. वास्तविक गाजराच्या कंदात साखर पुष्कळ असते. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, आठवड्यातून एक-दोनदा, एवढेच त्याचे स्थान. केळे, सफरचंद, पेरू यांचेही तेच. पाल्याचे चित्र काढून कंद खोडावा, अशी सूचना आमच्या एका शिक्षक मित्राने आपल्या वर्गात अमलात आणली आहे.

दुकानात मिळणारे गोळीखाद्य द्यावयाचे असल्यास शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये. दोन किलोच्या सशाला ५० ग्रॅम ही कमाल मर्यादा. पिशवीवर तंतूचे प्रमाण वाचून घ्यावे. ते १८ टक्क्यांहून कमी असेल तर ते खाद्य परत करावे. लसूणघास वाढत्या पिल्लांना व गाभण मादीला पोषक. सहा महिन्यांवरील इतर सशांना त्यातील प्रथिने व कॅल्शियम अधिक होतात. पाणी मात्र सदैव हवे. दोन किलोचा ससा दिवसात १०० ते ३०० मिलिलिटर पाणी पितो, उन्हाळ्यात याहून अधिकही. पाणी कमी पडले तरी आतडी सुकतात.

भात, पाव, चपाती, बिस्किटे, शेव, डाळी, दूध, मिठाई यांपैकी काहीही देऊ नये. सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की ससा जाळीला येऊन उभा राहतो आणि आपण उंड्याचा तुकडा देतो. हे दृश्य कितीही गोड असले तरी ते बंद करावे. कांदा, लसूण व कच्चा बटाटा वर्ज्य. कण्हेर व घाणेरी विषारी असल्याने निर्माल्यातील फुलेपाने सशापुढे टाकू नयेत. माटोळीला बांधलेली रानफळेही तशीच दूर ठेवावीत. त्यांतील काही माणसालाही खाण्याजोगी नसतात.

ज्या सशाला पावाची सवय लागली आहे त्याचा पाव एकदम तोडू नये. दहा ते चौदा दिवसांत तो थोडा थोडा कमी करावा व गवत वाढवीत न्यावे. कोणतेही नवे खाद्य, अगदी चांगलेसुद्धा, असेच हळूहळू सुरू करावे. बाजारात कापसाच्या गोळ्याएवढी पिल्ले विकावयास येतात. त्यांची आई सुटलेली असते आणि पोट अद्याप गवताला सरावलेले नसते. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकत घेऊ नये आणि विक्रेता त्यास काय खाऊ घालीत होता हे विचारून तेच पहिला आठवडाभर चालू ठेवावे.

पावसाळ्याची बेगमी

आपल्याकडे खरी अडचण जून ते सप्टेंबरची. ओले गवत दिले की ससा मरतो, असा समज आहे. गवतावरचे पाणी स्वतः घातक नसते. आठ महिने कोरडे खाणाऱ्या सशापुढे पहिल्या पावसाचे कोवळे, रसाळ गवत एकदम भाराभर टाकले जाते, ते बाधते. आणि कापलेल्या ओल्या गवताचा ढीग काही तासांतच आतून तापून आंबतो, तो त्याहून वाईट. म्हणून रोजचे रोज कापावे, पातळ पसरून निथळू द्यावे व कोरड्या गवताबरोबर द्यावे.

कोरडे गवत मात्र आधी साठवावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत आपण मिरची, कोकम, खारे मासे यांचे पुरुमेंत भरतो, त्याच वेळी सशासाठी करड भरून ठेवावे. ते हिरवट व सुवासिक असतानाच कापलेले असावे. उन्हात पूर्ण वाळवून, जमिनीपासून उंच फळीवर, वारा खेळेल अशा जागी ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले गवत आपल्या हवेत बुरसते. पेंडी सोडताच पांढरी धूळ उडाली वा कुबट वास आला तर ती संपूर्ण पेंडी टाकून द्यावी. वरचे झटकून खालचे देण्याची काटकसर महागात पडते.

धोक्याची चिन्हे व उपचार

निरोगी ससा दिवसाकाठी दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. त्या गोल, एकसारख्या आणि चुरल्यास गवताचा भुसा दिसेल अशा असतात. रोज सकाळी पिंजरा झाडताना त्यांकडे पाहणे हीच सशाची तपासणी. लेंड्या लहान, वेड्यावाकड्या वा केसाने माळेसारख्या ओवलेल्या दिसू लागल्या तर गवत वाढवावे आणि लक्ष ठेवावे. मऊ लेंड्या न खाता तशाच पडलेल्या वा शेपटीखाली चिकटलेल्या दिसल्या तर गोड व पिठूळ खाणे अधिक होत आहे असे समजावे. त्यास हगवण म्हणू नये. खरी हगवण पाण्यासारखी असते व तीत, विशेषतः पिल्लू असल्यास, एक तासही दवडू नये.

ससा आवडीच्या पाल्याला तोंड लावीत नाही, पाठ बाकवून बसतो, दात करकरा खातो, पोट ताठ लागते आणि लेंड्या बंद आहेत, ही लक्षणे दिसल्यास उद्याची वाट पाहू नये. बारा तास न खाणारा ससा हा तातडीचा रोगी समजावा. एरंडेल, ओव्याचा अर्क, सोडा असले घरगुती उपाय करू नयेत. पोट नगाऱ्यासारखे फुगले असल्यास बळेच काही भरवू नये. कान गार लागत असतील तर फडक्यात गुंडाळून ऊब द्यावी आणि दवाखान्यात नेताना सोबत गवत व कागदात बांधून शेवटच्या लेंड्या न्याव्यात.

एक इशारा अधिक स्पष्टपणे द्यावयास हवा. मुलांच्या तापासाठी आणलेले अमॉक्सिसिलिनसारखे प्रतिजैविक घरात उरलेले असते व ते 'थोडेसे' सशाला पाजले जाते. तोंडावाटे दिलेले हे औषध उंडुकातील उपकारक जीवाणू मारून टाकते आणि त्यामुळे ससे दगावतात. अँपिसिलिन व क्लिंडामायसिन यांचेही तसेच. सशासाठी सुरक्षित अशी वेगळी प्रतिजैविके आहेत. ती पशुवैद्यकानेच ठरवावीत.

आमच्या घरी आता दुसरा ससा आहे. मुलगी मोठी झाली, पण पिंजरा अद्याप तीच झाडते आणि लेंड्या कमी दिसल्या तर चहाच्या आधी सांगते. चवथीस पाहुण्यांस हात आवरावयास सांगणे कठीण, हे अनुभवाने कळल्यामुळे गणपतीसाठी दूर्वा खुडताना ती एक टोपली जास्तीची खुडून पिंजऱ्यापाशी ठेवते आणि ज्याला द्यावयाचे असेल त्याने त्यातून द्यावे असे सांगते. दुपारच्या आरतीपर्यंत ती टोपली रिकामी झालेली असते.