समुद्रशैवाल

आपल्या नवी मुंबईच्या खाडीचा तळ चिखलाचा. समुद्रशैवालास मात्र खडकाचा आधार लागतो. म्हणून तें मालवण-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं पाहावें. हिरवें, तपकिरी व तांबडें असे त्याचे तीन वर्ग आहेत. त्यास खरीं मुळें नसतात. बुडाशीं असलेल्या पकडीनें तें खडकास घट्ट चिकटून राहतें. लहान मासे व खेकडे त्याच्या आश्रयानें वाढतात.

तांबड्या शैवालापासून आगर-आगर नांवाचा गोठणारा पदार्थ मिळतो. पूर्वीं रोगजंतू जिलेटिनवर वाढवीत. पण तें उष्णतेनें वितळे. १८८१ सालीं जर्मनींत फॅनी हेसे या बाईंनीं, आपल्या स्वयंपाकघरांतील अनुभवावरून, आगर-आगर सुचविलें. आजही प्रयोगशाळांत तेंच वापरतात.

असें हें उपकारक शैवाल कापतांना त्याची पकड खडकावर राखावी. तिजपासून पुन्हां फुटवा येतो. उपटल्यास शैवालही जातें व माशांचा आसराही.