विमानाचं इंजिन आणि आपल्या गटाचा ट्रॅक्टर

भागीदारीतल्या मशीनवरच्या व्हिडिओत फळ्यावर मांडलेला इंजिन फंडाचा हिशोब इथे सविस्तर देतोय.

अंबडमध्ये विमान कुठून आलं, असं म्हणाल. पण महागडं मशीन दहा-वीस जणांत कसं चालवायचं, हे फ्लाइंग क्लबच्या हिशोबातून छान कळतं. आपल्याकडे ही पद्धत जुनी आहे. मुंबईच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ ची. जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले आणि १९२९ मध्ये त्यांना भारतातलं एक नंबरचं पायलट लायसन्स मिळालं.

आता मुद्दा. सेसना १७२ सारख्या छोट्या विमानात लायकमिंग कंपनीचं इंजिन असतं. ओव्हरहॉलची मुदत साधारण २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. पुढे तीन रस्ते: नवं इंजिन, कंपनीने पुन्हा बांधलेलं इंजिन, किंवा आहे तेच खोलून ओव्हरहॉल. तिन्हीला मोठी रक्कम एकदम लागते.

समजा खर्च ३० लाख. भागिले २००० तास, म्हणजे तासाला १५०० रुपये. पेट्रोल वेगळं. हे १५०० भाड्यातच धरायचे आणि वेगळ्या खात्यात टाकायचे.

खरी गोम पुढे आहे. विमान वर्षाला १०० तासच उडालं तर १२ वर्षांत १२०० तास होतात. जमा १८ लाख, खड्डा १२ लाखांचा! म्हणून कमी चालणाऱ्या मशीनला तासाचा दर २५०० हवा, नाहीतर प्रत्येकाकडून ठरावीक मासिक वर्गणी. उभ्या मशीनचंही वय वाढतंच. आणि खर्चाचा अंदाज दरवर्षी नव्याने काढा, भाव कुठे थांबतात?

आता आपला ट्रॅक्टर. त्यालाही अवर मीटर असतं, फक्त सर्व्हिसिंगशिवाय कोणी बघत नाही. धरा, पाच भागीदार, ६००० तासांनी इंजिनचं काम निघालं, बिल १,२०,०००. फंड नसेल तर प्रत्येकी २४,०००. ज्याने ३००० तास वापरला तोही २४,०००, आणि ज्याने ३०० तास वापरला तोही तेवढेच. इथेच भाऊ-भाऊ बोलायचे बंद होतात, ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहतो आणि पेरणी हातची जाते. तासाला २० रुपये घेतले असते, तर पहिल्याचे ६०,००० आणि दुसऱ्याचे ६,००० आपोआप जमा झाले असते. वीस रुपये! डिझेलच्या मानाने काहीच नाही हो.

प्रत्येक वापराआधी आणि नंतर मीटरचं रीडिंग वहीत लिहा, सही घ्या. खात्यावर दोन सह्या ठेवा. एखादा भागीदार मध्येच बाहेर पडला तर त्याला मशीनमधला हिस्सा त्या दिवशीच्या किमतीने मिळेल, फंडातले पैसे नाही, कारण तेवढे तास त्याने वापरलेले असतात. हे करारात सुरुवातीलाच लिहून घ्या.